बार्शी लाईट : आईच्या लोणच्यावरचा रूळ आणि बाकीच्या आठवणी

फिटरचा_पोरगा

मंडळी नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमची धनकवडीची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, त्यामुळे गेल्या महिन्यात तिथेच जवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट झालो. सामान बांधायला आलेल्या पोरांपैकी एकाने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "काका, हे भंगारात टाकू का?" आणि आमच्या मातोश्री, वय वर्षं ८१, दोन्ही गुडघे गेलेले, त्या अशा काही ताडकन उठल्या की पोरगं दोन पावलं मागे सरकलं. त्याच्या हातात लोखंडाचा एक तुकडा होता. बरोबर एक फूट लांब, वरून गुळगुळीत, खाली रुंद तळवा, मधे बारीक कंबर. रूळ हो, रेल्वेचा.

माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, म्हणजे बार्शी लाईटच्या, कुर्डुवाडी-बार्शीकडच्या त्या जुन्या छोट्या अडीच फुटी रेल्वेच्या. कुठल्याशा सेक्शनचे जुने रूळ बदलले तेव्हा त्यांच्या एका गँगमन मित्राने हा तुकडा आणून दिला. "हा पहिल्या लायनीतला आहे" एवढं ते सांगायचे, खरं खोटं तेच जाणोत. आमच्या घरात ह्याच्यावर नारळ फुटले, सुपाऱ्या फुटल्या, वाकडे खिळे सरळ झाले, माझ्या सायकलची पेडल ठोकून झाली आणि दरवर्षी जून महिना आला की घासून पुसून फडक्यात गुंडाळून हा मीठ लावलेल्या कैऱ्यांच्या ताटलीवर वजन म्हणून जाऊन बसायचा. आईने तो टेम्पोत जाऊच दिला नाही. रिक्षात मांडीवर घेऊन आली, पर्स माझ्याकडे आणि रूळ तिच्याकडे.

तर काल सहज किचनमधल्या काट्यावर ठेवला, ४ किलो ४०० ग्रॅम भरला. मला वाटलं होतं रेल्वेचा रूळ म्हणजे फुटाला दहा-पंधरा किलो तरी असेल. एवढ्या हलक्या रुळावरून गाडी जायची कशी?

सुट्टीत आम्ही मामाकडे बार्शीला जायचो तेव्हा हीच गाडी. लाकडी बाकं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं की कोळशाचे कण डोळ्यात, मग मामीच्या पदराचं टोक फुंकून डोळ्यावर. कुणी ह्या गाडीने फिरलंय का? पुण्यात बार्शी, पंढरपूर, लातूर साइडची एवढी माणसं आहेत, लिहा की.

उगाच_पुणेकर

एक कबुली देतो, हसू नका. आमच्या ऑफिसात कुणी संथ असला, डोक्यात जरा उशिरा शिरत असलं की आम्ही त्याला 'बार्शी लाईट आहे रे तो' म्हणतो. लहानपणापासून ऐकतोय, म्हणतोय. मला आत्ता ४६ व्या वर्षी, हा धागा वाचताना कळलं की ही रेल्वे होती. मला इतकी वर्षं वाटायचं की बार्शीत व्होल्टेज कमी असतं त्यामुळे तिथले दिवे मिणमिणते असतात!!

बार्शीची_लेक

उगाच_पुणेकर, नाव सार्थ केलंत :) आमच्या गावचे दिवे चांगले लख्ख आहेत.

लाईट म्हणजे लाईट रेल्वे. वजनाने हलकी. आणि हो, लग्न होऊन सदाशिव पेठेत आले तेव्हा सासरे पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बार्शीची का, म्हणजे बार्शी लाईट!" सगळे हसले, मीपण हसले, आणि पुढची वीस वर्षं प्रत्येक वेळी पोळी करपली, किल्ली विसरली की तेच. शेवटी एकदा मी म्हणलं, अहो मामंजी, तुमच्या पुण्याला दुसऱ्याच्या लायनीवरची गाडी आयती आली, मुंबई-मद्रासच्या वाटेत पडलात म्हणून. आमच्या गावाला मोठ्या रेल्वेने वीस मैल बाजूला टाकलं तर आमच्या गावाने स्वतःची आणवली. त्यानंतर बंद झालं.

गणिती_गोंधळ

फिटरचा_पोरगा, तुमचा काटा अगदी बरोबर आहे आणि बाबासुद्धा बहुतेक खरं बोलत होते.

रुळाचं वजन पूर्वी एका यार्डाला किती पौंड असं मोजायचे. तुमचा तुकडा १ फूट आणि ४.४ किलो, म्हणजे साधारण ९.७ पौंड, म्हणजे यार्डाला २९ च्या वर. झीज आणि गंज धरा, हा ३० पौंडी रूळ. बार्शी लाईट सुरू झाली तेव्हा घातलेला रूळ ३० पौंडीच होता. आज ब्रॉडगेजला मीटरला ६० किलोचा रूळ असतो, तुमचा मीटरला १५ च्या आत भरेल. चौपट फरक.

आता गाडी जायची कशी, तर तीच सगळी गंमत आहे. मी आयुष्यभर पूल बांधले, रेल्वेत नव्हतो, पण ह्या माणसावर माझा जुना लोभ आहे. एव्हरार्ड काल्थ्रॉप. इंग्लिश इंजिनियर, आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत होता. त्याच्या आधी लोकांची समजूत अशी की अडीच फुटी गेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) म्हणजे खेळण्यातली गाडी, ऊस नाहीतर दगड वाहायला ठीक. काल्थ्रॉपने म्हणलं, गेज अरुंद असू दे, पण कुठल्याही आसावर, म्हणजे एका चाकजोडीवर, ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, मग ते इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण. सगळ्यांना एकच नियम. इंजिन जड होतंय ना, मग त्याला चाकं वाढवा. त्यामुळे लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी केलेल्या पहिल्या इंजिनांना चार चाकजोड्या ओढायला आणि मागे आणखी दोन, नुसत्या वजन वाटून घ्यायला. दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याचे लांबलचक डबे, खाली बोगी, म्हणजे वळणावर फिरणारे चाकांचे गाडे. त्याने १८९६ साली लीड्सजवळ न्यूले इथे छोटा ट्रॅक टाकून हे सगळं लोकांना चालवून दाखवलं आणि मग बोटीने इकडे. १८९७ ला बार्शी ते बार्शी रोड गाडी चालू. बार्शी रोड म्हणजे आताची कुर्डुवाडी.

त्यामुळे बार्शी लाईट म्हणजे मंदबुद्धी वगैरे म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पुढच्या कितीतरी अडीच फुटी रेल्वेवाल्यांनी बार्शीची नक्कल केलीये.

उगाच_पुणेकर

काका मान्य, इंजिनियरिंग भारी असेल, पण स्लो होती की नव्हती ते सांगा ना.

गणिती_गोंधळ

होती.

पांगरीचा_भाऊ

होतीच की राव, आमी कुठं नाय म्हणतो. पण स्लो असण्यात मजा होती ती तुमाला मेट्रोत बसून नाय कळायची. आमच्या पांगरीच्या पुढं येडशीच्या घाटात गाडी चढाला लागली की इंजिन असं धापा टाकायचं, आमी पोरं खाली उतरायचो, बाजूनं चालायचो, बोरं तोडायचो खिशात भरायचो आन परत दांडीला धरून वर. माझा चुलत भाऊ एकदा परसाकडं जाऊन आला, खोटं नाय सांगत, तांब्या डब्यातल्याच एका म्हातारीचा घेऊन गेलता आन परत आणून दिला. हुरड्याच्या दिवसात तर डायवरच थांबायचा म्हनत्यात, ते मात्र मी पाह्यलेलं नाय ऐकलेलं हाय.

येक गोष्ट सांगतात बगा, गाडीतला माणूस रुळाकडंनं चालणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणतो आजोबा बसा की गाडीत, आन म्हातारा म्हणतो नको बाबा आज जरा घाई हाय. ती आमच्या घाटातलीच गोष्ट हाय.

यवतमाळी_ठेचा

थांबा भाऊ, थो म्हातारा आमचा आहे! यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडीच्या रुळाकडंनं चालत होता, मायनं सांगितलेलं आहे मले.

बारामतीवाला_कोथरूडात

तो म्हातारा दौंड-बारामतीला पण चालायचा, कटफळच्या अलीकडे :) मला वाटतं महाराष्ट्रात जिथे जिथे अडीच फुटी होती तिथे त्याची ड्युटी लागायची.

आमची पण नॅरोगेज होती ना, विसरू नका, आणि ती तर अस्सल पुणे जिल्ह्यातली. १९१४ ची, २७ मैलांची. गाडी जीआयपी चालवायची. पुण्याहून दौंडला ऐटीत यायचं आणि दौंडला उतरून त्या पिटुकल्या गाडीत. शिर्सुफळला गाडी थांबली की माझे आजोबा खाली उतरून ओळखीच्या माणसाशी उसाच्या भावावर बोलायला लागायचे आणि गार्ड शिट्टी हातात धरून वाट बघायचा, कारण तोही ऐकत असायचा, त्याचाही ऊस होता. पण धागा बार्शीचा आहे, मी घुसखोरी थांबवतो.

फिटरचा_पोरगा

घुसखोरी कसली, लिहा. गणिती काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. तिला चाकाजोड्यांचं काही कळलं नाही पण "बाबा खरं बोलत होते" हे दोनदा वाचायला लावलं.

वर्कशॉपचं एक सांगतो. बाबा म्हणायचे कुर्डुवाडीला खरं काम हमालांचं. बार्शीहून कापूस, तूर, भुईमूग, जे काय येईल ते छोट्या वाघिणीतून उतरवायचं आणि शेजारच्या फलाटाला मोठ्या वाघिणीत भरायचं, कारण रुंदीच वेगळी, वाघीण तशीच पुढे ढकलता येत नाही. मुंबईहून येणारा माल उलट. प्रत्येक गोणी पाठीवरून. हे एवढं एक काम वाचलं असतं तर लाईट अजून जगली असती असं त्यांचं ठाम मत, कारण ट्रक आल्यावर बार्शीच्या आडत्याने हिशोब केला की दारातून भरला तो थेट वाशीच्या दारात, मधे कुर्डुवाडीला कोण उतरवतंय. गाडी संथ होती म्हणून नाही मेली म्हणायचे, पोती दोनदा उचलावी लागायची म्हणून मेली.

पेठेतली_नात

आपल्याकडे परवाच पालख्या मुक्कामाला होत्या, त्यावरून आठवलं.

माझी पणजी शनिवार पेठेतली, पायी वारी झेपेना तेव्हा रेल्वेने आषाढीला जायची. पुण्याहून कुर्डुवाडी आणि तिथून लाईटने पंढरपूर. ती आजीला सांगायची आणि आजी आम्हाला, की "आम्ही वाघिणीत बसून पंढरपूरला गेलो." मी चार-पाच वर्षांची असेन. वाघीण म्हणजे वाघाची बायको एवढंच माहीत. कितीतरी वर्षं माझ्या डोळ्यासमोर पणजी नऊवारी नेसून, गळ्यात तुळशीमाळ, वाघिणीवर बसून चाललीये आणि चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे टाळ वाजवायचे थांबून बघताहेत असंच चित्र होतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला काढलंसुद्धा होतं, बाईंनी दुर्गामाता छान काढलीस म्हणून शेरा दिला.

मग कळलं की यात्रेच्या गर्दीला डबे पुरायचे नाहीत म्हणून मालाच्या वाघिणीत माणसं भरायचे. खाली गवत नाहीतर नुसतं पत्रं, बाया एका कोपऱ्यात, दार उघडं, एकजण दोरी आडवी धरून. पणजीची तक्रार गर्दीबद्दल कधीच नव्हती. तक्रार एकच, वाघिणीत मिरच्यांची पोती वाहिली होती त्याच्या आदल्या फेरीला, त्यामुळे भजन म्हणताना सगळे शिंकत होते.

मिरजकर_आता_वारज्यात

वा! शिंकणारं भजन!

पंढरपूरपर्यंत लाईट १९०६ ला आली, लातूरला १९११ ला पोचली आणि आमच्या मिरजेला सगळ्यात शेवटी, १९२७ ला. सगळी मिळून २०२ मैल. म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर, ह्याला छोटी म्हणायचं की मोठी तुम्हीच ठरवा. कंपनी लंडनची होती, सरकारने १९५४ ला घेतली.

मिरज जंक्शनला एके काळी तिन्ही गेज होती बघा. पुण्याची लाईन ब्रॉडगेज झाली, बेळगावकडची मीटरगेज तशीच राहिली, आणि पंढरपूरची नॅरो. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला दत्त नाहीतर दर्गा दाखवायच्या आधी स्टेशनवरच तिन्ही रूळ दाखवायचो, फुकटचं होतं ना.

माझं घर तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीच्या मागे. सतार-तंबोऱ्याचे भोपळे मिरजेत होत नाहीत, ते पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर त्या भीमेच्या पट्ट्यातून येतात. मोठेच्या मोठे, वाळलेले, आत बी खुळखुळणारे. आमच्या शेजारचे एक कारागीर आजोबा ते आणायला स्वतः जायचे, दुसऱ्यावर विश्वास नाही, कारण एक चीर गेली की तंबोरा गेला. येताना सांगोल्याच्या पुढे गाडी अशी डुलायची की ते दोन भोपळे मांडीवर, दोन काखेत आणि एक पायांच्या मधे धरून बसायचे, सात-आठ तास. शेजारी कुणी टेकायला लागलं की ओरडायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर होतो, मला एक सांभाळायला दिला. लघवीला उठू दिलं नाही हो जत रोडपर्यंत. पुढं पुण्यात सवाई गंधर्वला मागे बसलेला तंबोरा दिसला की मला अजून पोटात कळ येते.

गणिती_गोंधळ

मिरजकर, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

डुलण्याबद्दल: रूळ हलका, गेज अरुंद आणि वर डबा चांगला रुंद. मधे जॉइंट ढिले झाले की डुलणारच. बांधलं तेव्हा ते उत्तमच होतं, पुढे पुढे देखभालीला पैसा कुणी घालेना.

धाराशिवकर

आमची वेगळीच रड. जिल्ह्याचं गाव आमचं, आणि लाईट येडशीवरून परस्पर निघून गेली ढोकी, मुरूड, लातूर. उस्मानाबादला आलीच नाही. ब्रॉडगेज करताना वळवून आणली तेव्हा शंभर वर्षांनी आम्हाला रेल्वे दिसली. त्यामुळे आम्हाला आठवणी नाहीत, फक्त राग आहे :)

लातूरची_सून

ढोकीचं नाव वाचून आलेच.

आमचं माहेर ढोकी. तेव्हा तो सगळा भाग निजामात, बार्शी इंग्रजांकडे. म्हणजे ही एवढीशी गाडी दोन राज्यांतून जायची. आजोबा सांगायचे, निजामाची करोडगिरी म्हणजे जकात, त्याची तपासणी व्हायची, आणि बार्शीहून लग्नाचा बस्ता आणताना बायका नव्या साड्या एकावर एक नेसून यायच्या, म्हणजे "अंगावरचं" झालं. माझ्या एका आत्याआजीने तीन नेसल्या होत्या, मे महिना, आणि गाडी घाटात दीड तास अडकली. ती चक्कर येऊन पडली, पण साड्या सुटल्या, म्हणजे जकातीतून सुटल्या.

आणि पाण्याची गाडी कुणालाच कशी आठवली नाही? २०१६, एप्रिल. लातूरला नळाला पाणी येऊन महिने झाले होते, मी तेव्हा वाकडला, सासूसासरे तिकडे, रोज फोनवर एकच विषय, टँकर आला का. मग मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, ५ लाख लिटर, राजस्थानात कोट्याला वाफेने धुतलेल्या टाक्या. नंतर पन्नास पन्नास वाघिणींची यायला लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. ती कुठल्या वाटेनं आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. तीच वाट. रूळ बदललेले, उस्मानाबादकडे वळवलेलं सोडलं तर आखणी बरीचशी लाईटचीच. सासरे ८ वर्षं आधी ब्रॉडगेज झाली तेव्हा चिडले होते की आमची गाडी घालवली. त्या दिवशी स्टेशनवर जाऊन उभे होते, बादली घेऊन नव्हे, नुसतेच. मला फोनवर म्हणाले, "लाईट पाणी घेऊन आली गं." मी म्हणलं बाबा ही ती नव्हे. म्हणाले, तू गप.

पांगरीचा_भाऊ

ताई रडवलंत राव.

औंधचा_आजोबा

जरा उशिरा आलो. माझी मुलगी मँचेस्टरजवळ असते, दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे तीन महिने होतो. जावई फिरायला घेऊन गेला, मॅनिफोल्ड नावाची दरी आहे स्टॅफर्डशायरमध्ये. तिथे जुन्या रेल्वेचा मार्ग आहे, रूळ काढून डांबरी करून चालायला आणि सायकलला दिलाय, आठ मैल. हल्म एंडला जुनं स्टेशन जपून ठेवलंय, आत माहिती लावलीये. मी चष्मा लावून वाचतोय तर त्यात बार्शी! मी मोठ्याने "अरे बार्शी!" म्हणालो, एक गोरी बाई दचकली.

गणिती काकांचाच काल्थ्रॉप. बार्शी झाल्यावर त्याने तिथे १९०४ ला तशीच अडीच फुटी गाडी केली, इंजिनंही किटसनचीच आणि बार्शीच्या वळणाची. इतकी की आपल्याकडे रात्री रानातून जायला लागतात तसे मोठाले हेडलाइट त्यांना लावलेले, तिथल्या त्या गायीगुरांच्या चिमुकल्या दरीत. ती गाडी १९३४ ला बंदही पडली, तीस वर्षांत. आपली शंभराच्या वर चालली. जावयाला म्हणलं, बघ, आमच्या बार्शीची नक्कल केली आणि ती यांना टिकवता आली नाही. तो सभ्य आहे, काही बोलला नाही.

अजून एक, ह्याच माणसाने पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट काढलं. मित्र चार्ल्स रोल्स, तो रोल्स-रॉइसवाला, १९१० ला विमान पडून गेला, त्यानंतर हा त्याच्या मागे लागला. 'गार्डियन एंजल' असं नाव ठेवलं होतं त्या पॅराशूटचं.

उगाच_पुणेकर

म्हणजे ज्याने बार्शी लाईट केली त्याला चालत्या वाहनातून उडी मारायची आयडिया नेमकी कुठून सुचली हे पांगरीच्या भाऊंनी वर लिहिलंच आहे.

बार्शीची_लेक

😂😂 पुणेकर, ह्यावेळी माफ.

आज सकाळी वडिलांशी फोनवर बोलले, ते अजून बार्शीत आहेत. त्यांना म्हणलं शेवटची लाईट आठवते का. ते म्हणाले शेवटची कुठली ते कळलंच नाही गं, आज गाडी नाही म्हणाले, उद्या नाही म्हणाले, मग रूळच काढायला लागले. भगवंताच्या देवळात काकड्याला जाताना पहिल्या गाडीच्या शिट्टीवर ते घड्याळ लावायचे. उशीर झाला असेल तर घड्याळ मागे करायचे, गाडीला दोष द्यायचा नाही. आता लातूर-मुंबई रात्रीची बार्शीवरून जाते, मोठी, एसी डबे लावलेली, पण ती झोपेत येते आणि झोपेत जाते म्हणतात.

आरपीएफ_नाही_हो

सगळं वाचलं, मजा आली, पण एक शंका. फिटरचा_पोरगा, तुमच्या घरात रेल्वेची मालमत्ता आहे आणि तुम्ही ती वजनासकट जाहीर केलीये. कायद्याने बसतं का हे?

फिटरचा_पोरगा

आईला विचारलं. म्हणाली, "ज्याला न्यायचाय त्याने येऊन उचलावा, आणि जाताना लोणच्याचं काय करायचं ते सांगून जावं."

गणिती_गोंधळ

ते राहू द्या. तुम्ही एक काम करा. रुळाच्या मधल्या कंबरेवर, बाजूला, उठावदार अक्षरं असतात, कारखान्याचं नाव, साल, कधी महिन्याच्या रेघा. तुमच्या एक फुटात सगळं येईलच असं नाही पण चार अक्षरं तरी सापडतील. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर थिनर, जुना टूथब्रश, आणि तिरका टॉर्च मारून फोटो. साल सापडलं की पहिल्या लायनीतला की नंतरचा ह्याचा निकाल लागेल. मला रात्री झोप येणार नाही, आज बघता का?

मिरजकर_आता_वारज्यात

मीपण थांबलोय. थिनर आहे माझ्याकडे, वारज्याहून धनकवडी काय लांब आहे, बाह्यवळणानं वीस मिनिटं. येऊ का?

फिटरचा_पोरगा

काका, मिरजकर, आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन आलो, आणि अडचण झालीये. नव्या घरात आल्या आल्या आईने मंडईतून सहा किलो कैरी मागवली होती, रविवारी फोडून मीठ लावून झाली. रूळ फडक्यात बांधून ताटलीवर चढलाय, वर दादरा बांधलाय. मी नुसता गाठीला हात लावला तर आतल्या खोलीतून आवाज आला, "पाणी सुटेपर्यंत हलवायचा नाही."

किती दिवस म्हणून विचारलं. आषाढी होऊ दे म्हणाली.